शब्दसंस्करणाच्या साहाय्याने वार्तापत्राची मांडणी

एखाद्या संस्थेने आपल्या कार्याची माहिती सभासदांस व परिसरातील लोकांस ठराविक काळाने कळविण्यासाठी काढलेले चार किंवा आठ पानांचे पत्रक म्हणजे वार्तापत्र होय. वृत्तपत्र विकत घेणारा मनुष्य ते वाचण्याच्या इच्छेनेच घेतो. वार्तापत्र मात्र बहुधा न मागता हाती पडते. ते उलगडून पाहावे की बाजूस टाकावे, हे वाचक पहिल्या काही क्षणांतच ठरवितो; आणि हा निर्णय मजकुराच्या गुणावर नव्हे, तर पान कसे दिसते यावर अवलंबून असतो. म्हणून मांडणी ही केवळ सजावट आहे असे समजणे योग्य नाही.

विवेचन स्पष्ट व्हावे म्हणून एक उदाहरण घेऊ. तालुक्याच्या एका गावी विज्ञानमंडळ आहे. त्याने भोवतालच्या वाड्यांतील विहिरी व बोअर यांच्या पाण्याचे नमुने प्रयोगशाळेकडून तपासून आणले असून पाण्यातील फ्लोराइडचे प्रमाण लोकांस कळवावयाचे आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १.० मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असणे इष्ट मानले आहे. दुसरा जलस्रोत उपलब्धच नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत ते चालवून घेता येते. याहून अधिक फ्लोराइड असलेले पाणी दीर्घकाळ पोटात गेल्यास प्रथम मुलांच्या दातांवर डाग पडतात व पुढे हाडे आणि सांधे ताठरतात. हा विकार आपल्या देशात १९३७ साली मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यात प्रथम नोंदला गेला. आज राजस्थान, तेलंगण, गुजरात यांपासून महाराष्ट्रातील यवतमाळ, चंद्रपूर या जिल्ह्यांपर्यंत अनेक ठिकाणच्या भूजलात फ्लोराइड आढळते. पाणी उकळल्याने ते नाहीसे होत नाही. उलट पाण्याची वाफ होऊन गेल्यामुळे उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण थोडे वाढतेच. तेव्हा हे वार्तापत्र वाचून कोणत्या विहिरीचे पाणी भरावयाचे हे एखादी गृहिणी ठरविणार आहे, ही गोष्ट मांडणी करणाराने दृष्टीआड होऊ देता कामा नये.

साधनाविषयी थोडेसे

पूर्वी असे पत्रक काढावयाचे म्हणजे मजकूर छापखान्यात नेऊन द्यावा लागे. तेथे जुळारी शिशाचे खिळे एकेक करून जुळवी, दोन ओळींमध्ये पट्ट्या घाली, आणि मग फर्मा आवळून छपाई होई. १९६४ साली आय. बी. एम. कंपनीने चुंबकीय फितीवर मजकूर साठविणारे टंकलेखन यंत्र विक्रीस आणले. लिहिलेला मजकूर पुन्हा न टंकता दुरुस्त करता येणे, ही शब्दसंस्करणाची मूळ कल्पना त्यात होती. १९७४ च्या सुमारास झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातील संशोधन केंद्रात ब्राव्हो नावाचा कार्यक्रम तयार झाला. कागदावर जसे छापले जाईल तसेच पान पडद्यावर दिसणे त्यामुळे शक्य झाले. १९८५ साली लेझर मुद्रक व पानांची मांडणी करणारे कार्यक्रम सामान्य कार्यालयांच्या आवाक्यात आले, आणि जुळाऱ्याचे काम मेजावर येऊन बसले.

आज वर्ड अथवा लिबरऑफिस रायटर यांसारख्या कोणत्याही वर्ड प्रोसेसरने चार पानांचे वार्तापत्र समाधानकारक रीतीने करता येते. यांपैकी लिबरऑफिस हा विनामूल्य मिळतो व भारतीय लिप्या नीट हाताळतो. पुढील विवेचन दोहोंस लागू पडेल असेच ठेवले आहे.

देवनागरीचा प्रश्न

या विषयावरील इंग्रजी पुस्तके रोमन लिपी गृहीत धरून लिहिलेली असतात. त्यांतील पुष्कळसा उपदेश आपणांस जसाच्या तसा उपयोगी पडत नाही, काही तर चक्क अपायकारक ठरतो. म्हणून या भागाचा विस्तार थोडा अधिक केला आहे.

पहिली गोष्ट मजकूर साठविण्याची. संगणक अक्षर साठवीत नाही. तो एक क्रमांक साठवितो. आपल्याकडे दीर्घकाळ असे टंकसंच वापरात होते की ज्यांत क्रमांक रोमन अक्षराचाच राही व त्यावर केवळ देवनागरी आकृतीचा मुखवटा चढविलेला असे. तो टंकसंच ज्या संगणकावर नसेल, तेथे मुखवटा गळून पडे आणि वाचकापुढे निरर्थक रोमन अक्षरांची रांग उभी राही. भारतीय लिप्यांसाठी एकच सांकेतिक व्यवस्था असावी या हेतूने कानपूरच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत व पुढे पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्रात महत्त्वाचे कार्य झाले. तीतून निघालेली संकेतप्रणाली १९९१ साली भारतीय मानक ठरली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीस १२८ जागांचा स्वतंत्र गट मिळाला. आज मजकूर युनिकोडमध्येच लिहावा. जुन्या टंकसंचातील मजकूर परिवर्तकातून काढून घेता येतो. परंतु अंक व विरामचिन्हे यांच्या जागा निरनिराळ्या जुन्या संचांत निरनिराळ्या असल्यामुळे परिवर्तनानंतर प्रत्येक आकडा मूळ कागदाशी ताडून पाहणे अवश्य आहे. आपल्या उदाहरणात १.५ मधील दशांशचिन्ह गळाले तर १५ होतात व सारी वाडी घाबरून जाते. ०.९ चे ९ झाले तरी अनर्थ तोच. उलट चुकीने धोक्याचे पाणी निर्धोक ठरले, तर ते कोणाच्या ध्यानातही येणार नाही.

टंकन शिकावयाचे असेल तर इनस्क्रिप्ट कळफलक निवडावा. त्यात स्वर डाव्या हाताकडे व व्यंजने उजव्या हाताकडे असून बहुतेक भारतीय लिप्यांत एका ध्वनीची कळ एकच असते. नागपूरच्या कार्यकर्त्याची हैदराबादेस बदली झाली व तेथे त्याला तेलुगू वार्तापत्राचे काम करावे लागले, तर त्याची बोटे पुन्हा शाळेत घालावी लागत नाहीत.

मराठीपुरती एक बारीक पण महत्त्वाची सूचना आहे. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ अशा शब्दांतील अर्धा र दोन रीतींनी लिहिला जातो. एका रीतीत नुक्त्याच्या ऱ ला हलन्त जोडतात; दुसरीत साध्या र ला हलन्त व त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देतात. डोळ्यांस दोन्ही सारखेच दिसतात, परंतु संगणकाच्या दृष्टीने ते भिन्न शब्द असल्याने एका रीतीने शोध घेतल्यास दुसऱ्या रीतीने लिहिलेला शब्द बहुधा सापडत नाही. मजकूर तीन-चार लेखकांकडून आला असेल, तर शोधा-व-बदला या सोयीने आधी सर्वत्र एकच रीत करून घ्यावी. तसेच मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी निश्चित करावी. असे केल्याने शुद्धलेखन तपासणी मराठीची होते, आणि नोटोसारख्या काही टंकसंचांत ल व श ही अक्षरे हिंदी वळणाऐवजी मराठी वळणाने उमटतात.

आता दिसण्याविषयी. रोमन अक्षर खालच्या रेषेवर उभे असते. देवनागरी अक्षर शिरोरेषेस टांगलेले असते. त्याच्या वर वेलांट्या, मात्रा व रफार, तर खाली उकार व जोडाक्षरांचे पाय. यामुळे इंग्रजी मजकुरास पुरेसे होणारे ओळींमधील अंतर देवनागरीस अपुरे पडते, आणि वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांत अडकतात. अकरा पॉइंटांच्या अक्षरास पंधरा ते सोळा पॉइंटांची ओळ द्यावी. एक पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग. हे अंतर ‘दीडपट’ असे न सांगता निश्चित पॉइंटांत सांगावे, म्हणजे एखाद्या ओळीत दुसऱ्या टंकसंचातील शब्द आला तरी ओळी खालीवर होत नाहीत.

मथळा भारदस्त दिसावा म्हणून इंग्रजीत अक्षरे दूरदूर पसरतात. देवनागरीत तसे केल्यास शिरोरेषा तुटते व शब्दाचे तुकडे पडतात. म्हणून हा मोह कटाक्षाने टाळावा. तिरप्या अक्षरांचीही आपल्या लिपीत परंपरा नाही. संगणक सरळ अक्षरेच ढकलून तिरपी करतो. ती पडत्या भिंतीसारखी दिसतात. एखाद्या शब्दावर भर द्यावयाचा असेल तर ठळक टंक पुरेसा आहे. मोठ्या लिपीची अक्षरे आपल्याकडे नाहीतच, त्यामुळे मथळ्याचे वेगळेपण आकार, ठळकपणा व भोवतालची मोकळी जागा यांतूनच साधावे लागते. सबंध वार्तापत्रात दोन टंकसंच पुरेत, एक मजकुराचा व एक मथळ्यांचा. दहा प्रकारची अक्षरे वापरलेले पान लग्नपत्रिकेसारखे दिसते.

पानाची आखणी

संगणकापुढे बसण्यापूर्वी कोरा कागद घेऊन तो दुमडावा. ए-३ आकाराचा कागद ४२० मिलिमीटर लांब व २९७ रुंद असतो. तो मधोमध दुमडला की ए-४ आकाराची, म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटरची, चार पाने होतात. या सर्व आकारांत लांबी व रुंदी यांचे प्रमाण २ च्या वर्गमूळाइतके असल्यामुळे दुमडल्यावरही पानाचा घाट तोच राहतो. दुमडलेल्या कागदावर पेन्सिलीने १ ते ४ आकडे घालून तो उघडावा. बाहेरच्या बाजूस डावीकडे ४ व उजवीकडे १, आतल्या बाजूस २ व ३ अशी पाने दिसतील. आठ पानांसाठी दोन कागद एकात एक घातले, तर ८-१, २-७, ६-३, ४-५ अशा जोड्या पडतात. प्रत्येक जोडीची बेरीज एकूण पानांहून एकाने अधिक, म्हणजे नऊ, येते. बेरीज जुळली नाही तर कोठेतरी चूक आहे असे समजावे.

ए-४ पानास डावी-उजवीकडे २० मिलिमीटर समास सोडला, तर मजकुरास १७० मिलिमीटर रुंदी उरते. एवढ्या लांब ओळीच्या शेवटावरून पुढील ओळीच्या आरंभाकडे येताना नजर चुकते व तीच ओळ पुन्हा वाचली जाते. म्हणून पानाचे दोन स्तंभ करावेत. मध्ये ८ मिलिमीटर मोकळी जागा ठेवल्यास प्रत्येक स्तंभ ८१ मिलिमीटरांचा होतो. तीन स्तंभ केले आणि मध्ये ६-६ मिलिमीटर सोडले, तर स्तंभ जेमतेम ५३ मिलिमीटरांचा उरतो. मराठीत विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये शब्दास जोडून येतात, त्यामुळे ‘ग्रामपंचायतीच्याकडून’ यासारखा एकच शब्द अरुंद स्तंभाची अर्धी ओळ खाऊन टाकतो. अशा स्तंभात दोन्ही कडा सरळ करण्याचा हट्ट धरला, तर शब्दांमध्ये मोठाल्या फटी पडतात व पानावरून पांढरे ओघळ वाहिल्यासारखे वाटतात. तीन स्तंभ हवेच असतील तर उजवी कड मोकळी सोडावी. आमच्या मते साध्या वार्तापत्रास दोन स्तंभच बरे. विशेष म्हणजे ‘दर्पण’ या १८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांनी काढलेल्या पत्राची पानेही दोन स्तंभांचीच होती. अर्थात तेथे एक स्तंभ इंग्रजीचा व दुसरा मराठीचा, असे त्याचे कारण निराळे होते.

किती मजकूर मावेल याचा हिशेब आधीच करावा. मजकुराची उंची २५५ मिलिमीटर धरली व ओळ १६ पॉइंटांची, म्हणजे सुमारे ५.६ मिलिमीटरांची धरली, तर एका स्तंभात ४५ व पानावर ९० ओळी येतात. छापून मोजल्यावर एका ओळीत सरासरी सात शब्द बसतात असे दिसले, तर पूर्ण भरलेल्या पानावर ६३० शब्द झाले. चार पानांतून मथळे, चित्रे व तक्ते यांसाठी एक-तृतीयांश जागा वजा केली की सुमारे १,७०० शब्द उरतात. लेखकांस हा आकडा प्रथमच कळवावा. मजकूर जास्त आला म्हणून अक्षर लहान करणे हा उपाय नव्हे. मजकूर कापावा, नाही तर पुढील अंकासाठी राखून ठेवावा.

शैली म्हणजे काय?

टंकलेखन यंत्रावर काम केलेले लोक मथळा मध्यभागी आणण्यासाठी रिकाम्या जागेची कळ वीस वेळा दाबतात, आणि नवे पान हवे असले की ओळ बदलण्याची कळ दाबत राहतात. पडद्यावर सारे ठीक दिसते. मग कोणी वरच्या परिच्छेदात एक वाक्य घालतो, आणि खालचे सर्व पान घसरते. नव्या पानासाठी पानखंडाची आज्ञा व स्तंभांत मजकूर सरळ रेषेत आणण्यासाठी टॅब वापरावा.

याहून महत्त्वाची सोय परिच्छेद-शैलीची आहे. मथळा, उपमथळा, मजकूर, चित्राखालील ओळ व तक्त्यातील मजकूर अशा पाच-सहा शैली ठरवाव्यात; प्रत्येकीचा टंक, आकार, ओळींमधील अंतर व आधीनंतरची मोकळी जागा एकदाच निश्चित करावी; आणि प्रत्येक परिच्छेदास त्याची शैली लावावी. पुढे मजकुराचा टंक बदलावासा वाटला तर शैलीत एकच बदल केल्याने सर्व पाने बदलतात. हाताने रंगविलेल्या पानांत तोच बदल शंभर ठिकाणी करावा लागतो व नव्याण्णव ठिकाणीच होतो. एक सावधगिरी येथे सांगावयास हवी. या कार्यक्रमांत रोमन मजकूर व देवनागरी मजकूर यांचे टंक व आकार स्वतंत्रपणे नोंदविले जातात. एकच बदलला तर वाक्यातील देवनागरी शब्द मोठे व रोमन आकडे लहान, असा प्रकार होतो. शैलीत दोन्ही नोंदी भराव्यात.

शीर्षपट्टी पानाच्या सबंध रुंदीवर व खालचा मजकूर दोन स्तंभांत असावयाचा असेल, तर दोहोंमध्ये विभागखंड घालावा; स्तंभांची आज्ञा फक्त खालच्या विभागास द्यावी. पहिल्या पानावरील लेख तिसऱ्या पानावर न्यावयाचा असल्यास मजकुराच्या दोन चौकटी काढून त्या एकमेकींस जोडता येतात. पहिली भरली की मजकूर आपोआप दुसरीत वाहतो. तथापि हा प्रयोग शक्य तो टाळावा. पान उलटून लेखाचा शेवट शोधणारे वाचक थोडे असतात, आणि पाण्यासंबंधीची सूचना तरी अशी तोडता कामा नयेच. परिच्छेदाची एकच ओळ स्तंभाच्या टोकाशी एकटी पडू नये यासाठीही कार्यक्रमात सोय असते. ती मजकुराच्या शैलीतच चालू करून ठेवावी.

पहिले पान

पहिल्या पानावर अध्यक्षांचे छायाचित्र व शुभसंदेश छापण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. अध्यक्षांबद्दल पूर्ण आदर बाळगूनही असे म्हणावेसे वाटते की त्यांना दुसरे पान शोभून दिसेल. पहिल्या पानाचा वरचा अर्धा भाग वार्तापत्र घडी करून पडले असता दिसतो. तेथे अंकातील सर्वांत निकडीची गोष्ट यावी. ‘पाणी-तपासणीचा अहवाल’ या मथळ्यातून वाचकास काहीच कळत नाही. ‘शाळेमागील बोअरचे पाणी पिण्यास वापरू नये’ हा मथळा वाचून त्याने पुढे एक ओळही वाचली नाही, तरी कार्य झाले.

तक्ता कसा असावा? प्रयोगशाळेचा अहवाल नमुन्यांच्या क्रमांकानुसार असतो. वाचकास क्रमांक ठाऊक नसतो, आपली विहीर ठाऊक असते. म्हणून पहिल्या स्तंभात वाडीवार विहिरींची लोकांच्या तोंडी असलेली नावे द्यावीत. दुसऱ्यात फ्लोराइडचे प्रमाण द्यावे, दशांशचिन्हाखाली दशांशचिन्ह येईल अशा रीतीने; यासाठी दशांश-टॅब असतो. ०.८ खाली २.४ असे एका रेषेत उभे राहिले की लहानमोठेपणा पाहताक्षणी कळतो. तिसऱ्या स्तंभात शब्दांनी निर्णय लिहावा: ‘पिण्यास योग्य’, ‘दुसरा स्रोत नसेल तरच’, ‘पिण्यास अयोग्य’. हा भेद लाल-हिरव्या रंगांवर सोपवू नये. वार्तापत्राच्या प्रती झेरॉक्सच्या दुकानात काळ्या-पांढऱ्या निघणार आहेत व तेथे दोन्ही रंग सारखेच करडे होतात. शिवाय लाल व हिरवा यांतील फरक काही लोकांस जन्मतःच दिसत नाही. तक्त्यातील आकडे मजकुराहून लहान करू नयेत. देवनागरीतील १ व ९ हे अंक बारीक छपाईत, विशेषतः प्रतीवरून प्रत काढली असता, एकमेकांसारखे दिसू लागतात. ज्या टंकसंचात ते दुरूनही ओळखू येतात असाच संच तक्त्यासाठी निवडावा. एक प्रत मुद्दाम दोनदा झेरॉक्स करून परीक्षा घेता येते.

चित्रांबाबत एकच हिशेब ध्यानात ठेवावा. चांगल्या छपाईस इंचास सुमारे ३०० चित्रबिंदू लागतात. ८१ मिलिमीटरांचा स्तंभ म्हणजे ३.२ इंच, तेव्हा चित्राची रुंदी निदान ९६० बिंदूंची हवी. मोबाइलने काढलेल्या छायाचित्रात याहून पुष्कळ अधिक बिंदू असतात, परंतु संदेशातून पाठविताना ते आकुंचन पावते. म्हणून मूळ प्रत मागवावी.

छपाईपूर्वी

वार्तापत्र तयार झाल्यावर त्याची पीडीएफ प्रत करावी व तीत टंकसंच अंतर्भूत झाले आहेत याची खात्री करून घ्यावी. मूळ फाइल दुकानदाराकडे नेल्यास त्याच्या संगणकावर आपला टंकसंच नसतो, आणि सगळ्या ओळी नव्याने पडून चार पानांची पाच होतात. ए-३ कागदाच्या दोन्ही बाजूंस छापताना कागद आखूड कडेवर उलटण्याची आज्ञा द्यावी; एरवी आतील पाने उलटी येतात. कागद फार पातळ असू नये, नाही तर मागच्या बाजूचा तक्ता पुढच्या मजकुरातून दिसतो.

मुद्रितशोधन पडद्यावर न करता कागदावर करावे, आणि ते लेखकाखेरीज दुसऱ्या दोघांनी करावे. एकाने प्रयोगशाळेचा मूळ अहवाल मोठ्याने वाचावा व दुसऱ्याने छापील तक्त्यावर बोट ठेवून ताडावे. ‘एक दशांश पाच’ असा प्रत्येक अंक स्वतंत्र उच्चारावा. त्यानंतर तो कागद ज्याने तपासणीत भाग घेतलेला नाही अशा एखाद्या गावकऱ्याच्या हाती देऊन, ‘तुमच्या विहिरीविषयी यात काय लिहिले आहे?’ एवढेच विचारावे. उत्तर देण्यास त्याला वेळ लागला तर मांडणी बदलावी.

अंक निघाल्यानंतर मजकूर काढून टाकून शैली, समास व शीर्षपट्टी तेवढी राहील अशी एक प्रत ‘साचा’ म्हणून जतन करावी. पुढील अंक याच साच्यावरून सुरू करावा, मागील अंकाच्या फाइलवरून नव्हे. कारण मागील फाइल वापरल्यास जुन्या तपासणीचा एखादा आकडा नव्या तक्त्यात राहून जाण्याचा संभव असतो. तक्त्याच्या माथ्यावर नमुने घेतल्याचा महिना व वर्ष अवश्य छापावे. भूजलातील फ्लोराइडचे प्रमाण पावसाळ्यानंतर व उन्हाळ्यात सारखेच राहते असे नाही, आणि भिंतीस चिकटविलेला कागद पुढील तपासणीनंतरही तेथेच असतो.